बाणाने मासे धरायचं किट: अडीच स्टार, त्यातले दोन एकट्या रीलला

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. रील (बाणाला बांधलेली दोरी ठेवायचं आणि मागे ओढायचं यंत्र) झकास, बाण बरे, आणि बाणाला दोरी बांधायची सोय अशी की हातपाय शाबूत राहिले हेच नशीब. ऑनलाइन मागवलं, ९,४०० रुपये पडले. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण असल्या किटमध्ये नेमकं काय बघून घ्यायचं ते समजलं की नाव कुठलं का असेना.

मी काही जन्माचा तिरंदाज नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) तिरंदाजीत जगज्जेते झाले आणि आमच्या घरी लेकीने धनुष्याचा हट्ट धरला. आठ महिन्यांत तिला कंटाळा आला. क्लासची वर्षाची फी भरलेली होती, म्हणून उरलेले चार महिने मी गेलो. (कोथरूडमध्ये भरलेली फी कोणी सोडत नाही.) त्यातून ३५ पौंड ओढीचं टेकडाउन रिकर्व्ह (सुटं करता येणारं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घरात आलं, आणि अमेरिकेत लोक बोटीवर उभं राहून कार्प मासे बाणाने मारतात ते व्हिडिओ बघायची सवय लागली.

आता मुख्य अडचण. पुण्यात हे करायचं कुठे? खडकवासला, पानशेत विसरा. धरणांतल्या मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुतेकदा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना. आपण तिथे धनुष्य घेऊन उभं राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर बाण, शिवाय चौपाटीवर कणीस खाणारी माणसं मागेपुढे. त्यामुळे स्वतःचं किंवा नात्यातलं खासगी तळं असेल तरच किट मागवा. माझे मामा दौंडच्या पुढे, भिगवणच्या अलीकडे राहतात. त्यांची तळी दोन.

मी हौसेने किट उघडून दाखवलं. मामांनी बाणाच्या टोकाचे काटे बोटाने चाचपले आणि म्हणाले, "आरं, हे माशातनं पार गेलं तर खाली कागद हाय माझा."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शेततळ्याला ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलेलं असतं, गावाकडे त्याला नुसतं 'कागद' म्हणतात. त्याला बाणाचं एक भोक म्हणजे तळं गळायला लागलं. कुठल्याही व्हिडिओत हे सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे नद्या आणि दलदली. आपल्याकडे कागदाच्या शेततळ्यावर बाण चालवायचा नाही, विषय संपला.

दुसरं तळं जुनं, मुरूम काढलेल्या खड्ड्यात साठलेलं. त्यात सायप्रिनस, म्हणजे व्हिडिओतला तोच कार्प, माजलाय. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात वाढतात पण अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. सायप्रिनस मात्र आहे त्याच डबक्यात संसार मांडतो. वर तळाचा चिखल उकरून खातो, पाणी कायम गढूळ. हा परदेशी पाहुणा, १९३९ मध्ये नीलगिरीत आणला गेला आणि पुढे देशभर पसरला. मामांना तो कमी झालेला हवाच होता. "मार कितीबी," म्हणाले, "पण मारशील तेवढा खायाचा." ही अट योग्यच आहे. गळाला लागलेला मासा परत सोडता येतो, बाण लागलेला नाही.

आता किट. रील बाटलीचं आहे. दोरी एका प्लास्टिकच्या बाटलीत सैल पडत जाते, बाण सुटला की आपोआप निघते, ओढायच्या वेळी खटका दाबून हँडल फिरवायचं. यात बाण सोडण्यापूर्वी काही करायचं लक्षात ठेवावं लागत नाही, आणि नवशिक्याला हेच मोलाचं. बटणाच्या रीलमध्ये आधी बटण दाबायला विसरलात तर दोरी जागेवर अडकते. दिवसभरात माझी दोरी बाटलीत एकदाही गुंतली नाही. दोन स्टार इथेच देऊन टाकले.

बाण दोन, भरीव फायबरग्लासचे, पिसं नसलेले. दहा-पंधरा फुटांवर पिसांची गरज पडत नाही आणि पाण्यात ती बाण भलतीकडे नेतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर ९० ग्रॅम भरला. माझा टार्गेटचा कार्बनचा बाण २२. हे वजनच त्याला पाण्यात घुसवतं. टोक अर्धवट फिरवलं की काटे उलटे वळतात आणि बाण माशातून ओढून काढता येतो. एका बाणाचं टोक पहिल्याच दिवशी बाभळीच्या मुळात रुतून राहिलं. जादा टोक किटमध्ये नाही. अर्धा स्टार.

आणि आता ती दोरी. दोरी बांधायला बाणाच्या शेपटाला एक भोक दिलंय, बस्स. म्हणजे बाण ओढला की दोरीची गाठ थेट धनुष्याच्या स्ट्रिंगपाशी (प्रत्यंचेपाशी), बोटांपाशी येते. सातव्या बाणाला दोरीचा फास स्ट्रिंगवर बसला. बाण दोन हात गेला, ताणलेल्या नायलॉनने त्याला मागे फेकलं, आणि तो माझ्या कोपराला घासून मागच्या शेवग्यावर आपटला. मामी तेव्हा चहा घेऊन येत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, ट्रे तिथेच ठेवून परत गेल्या.

यावरचा उपाय बोटाच्या पेराएवढा आहे. बाणाच्या दांड्यावर पुढेमागे सरकणारी एक नळी असते, तिला सेफ्टी स्लाइड म्हणतात. दोरी या नळीला बांधायची. बाण ओढलेला असताना नळी धनुष्याच्या पुढच्या बाजूला राहते, म्हणजे दोरी स्ट्रिंगच्या जवळ येतच नाही. बाण सुटल्यावर ती शेपटापर्यंत सरकते आणि तिथल्या स्टॉपरला अडते. शिवाय दोरी विणलेली हवी, ताणली जाणारी नायलॉन नको. किटवर मोठ्या अक्षरांत 'नवशिक्यांसाठी' छापलंय आणि नेमकं हेच गायब. दुसऱ्या आठवड्यात मी स्लाइड वेगळ्या मागवल्या, दोरी बदलली, मग पुन्हा गेलो.

नेम धरण्याचं बोलायचं तर क्लासमध्ये शिकलेलं सगळं पाण्याकाठी उलटं पडतं. उजेड पाण्यात वाकतो, त्यामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो. सरळ वरून बघितलं तरी चार फूट खोल मासा तीन फुटांवर भासतो, तिरकं बघितलं की फसवणूक आणखी वाढते. अमेरिकन लोकांचा ढोबळ हिशोब असा: मासा आपल्यापासून दहा फुटांवर आणि एक फूट खोल असेल तर नेम चार इंच खाली धरा. अंतर किंवा खोली दुप्पट झाली की हेही दुप्पट. बाटलीत वाळू भरून ती फूटभर बुडवली आणि तिच्यावर तासभर घालवला. हात तयार असतो हो, डोळाच ऐकत नाही. पोलराइज्ड गॉगल मात्र लागतोच, नाहीतर पाण्यावर नुसतं आकाश दिसतं. सकाळी लवकर जाऊ नका, दहानंतर ऊन वर आलं की पाण्यात नजर पोचते.

दुसऱ्या खेपेला २३ बाण सोडले, एक लागला. पावणेतीन किलोचा सायप्रिनस. पाणी असं काही ढवळलं की दोरी तळहातात कापत गेली. हातमोजे न्या, तेही किटमध्ये नाहीत. चिखलाचा वास जावा म्हणून मामींनी तुकडे मीठ, हळद आणि चिंचेच्या कोळात तासभर ठेवले आणि मग काळ्या मसाल्याचा रस्सा केला. काटे भरपूर. मामा म्हणाले, "चिलापी बरी ह्याच्यापरीस," आणि तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.

विक्रेत्याला स्लाइडबद्दल लिहिलं होतं. उत्तर आलं की स्लाइड त्यांच्याकडे आहेत, ३५० रुपयांना एक, कुरिअर वेगळं. लेक आता म्हणते मला पण यायचंय. तिला आधी वाळूची बाटली.