सभासद कुठे व्हायचं: शासकीय ग्रंथालयात की वाचनालयात?

कोणी हा प्रश्न विचारला की मी उलट विचारते, पुस्तक घरी न्यायचंय की तिथे बसून बघायचंय? निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. उरलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. वाचनालयाच्या पाटीवर ‘शासनमान्य “ब” वर्ग’ असं लिहिलेलं असतं, म्हणून अनेकांना ते सरकारीच वाटतं. ते तसं नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली मान्यता मिळालेली गावोगावची वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि त्यांना वर्गानुसार अनुदान मिळतं. पण ती चालवते एखादी संस्था, तिचं कार्यकारी मंडळ आणि फार थोड्या पगारावर राबणारा ग्रंथपाल. शासकीय ग्रंथालय म्हणजे ज्याची इमारत, कर्मचारी आणि पुस्तकं सगळं सरकारचं: मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, शासकीय विभागीय ग्रंथालयं, जिल्हा ग्रंथालयं. ग्रंथालय संचालनालय या सरकारी खात्याचा संबंध दोन्हींशी येतो, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.

कथा-कादंबऱ्या, चरित्रं, रहस्यकथा, आणि आईसाठी दर आठवड्याला दोन पुस्तकं हवी असतील तर फार विचार करू नका, वाचनालयात जा. नवं पुस्तक तिथे लवकर येतं, कारण सभासदांनी चार वेळा विचारलं की ग्रंथपाल ते आणतोच. नाही आणलं तर वर्गणी बुडते. दिवाळी अंकांची वेगळी योजना बहुतेक ठिकाणी असते, थोडे जादा पैसे भरले की पुढचे काही महिने अंक फिरत राहतात. शासकीय ग्रंथालयात खरेदी तरतुदीवर चालते. मार्चअखेर पुस्तकांचे गठ्ठे येतात, मग दाखल नोंदवही, शिक्के, वर्गीकरण, आणि तोवर त्या कादंबरीबद्दल लोकांचं बोलून झालेलं असतं. वाचनालयांचीही एक गंमत आहे. अनुदानातली काही खरेदी शासनमान्य ग्रंथयादीतून करायची असते. म्हणून दोन तालुक्यांतल्या दोन वाचनालयांत तुम्हाला तीच ती, कोणीही न नेलेली, कोरी करकरीत पुस्तकं एकाच क्रमाने उभी दिसतील.

पुस्तक सापडण्याची रीतही दोन्हीकडे निराळी. शासकीय ग्रंथालयात बहुधा ड्युईचं दशांश वर्गीकरण असतं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक ठरलेला आकडा. मराठी साहित्य 891.46, त्यात कविता 891.461, कादंबरी 891.463. हे तीन आकडे पाठ असले की अनोळखी ग्रंथालयातही थेट कपाटापाशी पोचता येतं. छोट्या वाचनालयात मात्र पाठीवर नुसता ‘का 1234’ असा कादंबरीचा अनुक्रमांक असतो. लेखकाची पुस्तकं शेजारी-शेजारी नसतात, जशी आली तशी लागलेली असतात. तिथला कॅटलॉग म्हणजे देवघेवीच्या टेबलामागे बसलेले काका. “त्यांचं ते विहिरीचं पुस्तक” एवढं सांगितलं तरी काढून देतात. काका रजेवर असले की सगळ्यांचीच पंचाईत.

आता संदर्भ विभाग. इथे शासकीय ग्रंथालयाशी बरोबरी करणं वाचनालयांना क्वचितच जमतं.

मी स्थानिक इतिहासावर लिहिते. मला लागतात जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, गॅझेटिअरचे, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांचे खंड, समित्यांचे अहवाल, राजपत्राच्या जुन्या बांधीव फायली. यातलं काहीही वर्गणीदार वाचक मागत नाही, म्हणून वाचनालयाने ते घ्यावं तरी का? शासकीय ग्रंथालयात ते असतं, कारण तिथे सरकारी प्रकाशनं येत राहतात आणि कोणी वाचत नाही म्हणून ती कपाटातून हलत नाहीत. एकदा माझ्या शेजारच्या टेबलावर एक आजोबा राजपत्राचे खंड उलटत बसले होते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आडनाव बदलल्याचं राजपत्रात छापून आलेलं, जवळची प्रत हरवलेली आणि आता वारसाच्या कागदपत्रांसाठी गरज पडलेली. दुपारी दोनच्या सुमारास त्यांना ती ओळ सापडली. दाखला काही ग्रंथालय देत नाही, पण तारीख, भाग आणि पान क्रमांक हातात आला की पुढचा अर्ज नेमका करता येतो. त्यांनी बसच्या तिकिटामागे तो आकडा तीन वेळा लिहून घेतला.

जुनी वर्तमानपत्रं बघायची असतील तर हलक्या हाताने. 1972 च्या दुष्काळाच्या बातम्या शोधताना मी एक फाईल उघडली आणि पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटून मांडीवर पडल्या. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल, तो आतून स्वतःलाच खातो. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही, वरचा उजवा कोपरा धरायचा, हे मला तिथल्या शिपाईमामांनी शिकवलं.

तक्रारही आहेच. एका शासकीय ग्रंथालयात मला हवा असलेला खंड काचेतून दिसत होता आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे होती. साहेब बैठकीला. दोन दिवस गेले. चिडले, पण नंतर कारण कळलं. शासकीय पुस्तक ही जडसंग्रहाची, म्हणजे कायमच्या साठ्यात मोजली जाणारी वस्तू असते. साठा पडताळणीत एक कमी भरलं तर उत्तर कर्मचाऱ्याला द्यावं लागतं, आणि फाटलेलं पुस्तक रद्द करायचं तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव. म्हणून कुलूप. म्हणूनच उपयोग संपलेली पाठ्यपुस्तकंही वर्षानुवर्षं जागा अडवून बसतात. वाचनालयात पुस्तक हरवलं तर तुमच्याकडून किंमत घेतात आणि विषय संपतो.

मुंबईकरांसाठी एक जादा पर्याय आहे. फोर्टातल्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढून गेलात की एकाच इमारतीत दोन संस्था भेटतात: 1804 पासूनची एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. दोन्हींचं सभासदत्व वेगळं, नियम वेगळे. दारातच नीट विचारा. मध्यवर्ती ग्रंथालयाचं महत्त्व 1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्यामुळे. प्रकाशकाने प्रकाशनानंतर 30 दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवायच्या, त्या कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई इथल्या चार ग्रंथालयांना. सगळे प्रकाशक पाठवतात असं नाही, पण छोट्या गावातल्या प्रकाशकाने काढलेली, बाजारात कधीच न दिसलेली कवितेची पुस्तिका मिळाली तर ती इथेच मिळेल. हा संग्रह जपण्यासाठी आहे, घरी नेण्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

आणि जुनी वाचनालयं माझा वरचा सगळा हिशेब मोडतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. संचालनालयाचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीपासून ही पुस्तकं जमवत आली आहेत. तुमच्या गावात असं एखादं असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मासिकांसाठी आधी तिथेच जा.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पुस्तकांपेक्षा खुर्ची हवी असते. शासकीय ग्रंथालयाची अभ्यासिका स्वस्त, म्हणून सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेर पिशव्यांची रांग. खाजगी अभ्यासिकेत जागा पक्की, पण दरमहा पैसे. नुसता पेपर वाचायचा तर कुठेच सभासद व्हायला नको. अनुदानित वाचनालयांतही वृत्तपत्रं सगळ्यांना मोफत वाचता येतात.

पैशाचा भाग छोटा आहे. वाचनालयात अनामत आणि दरमहा वर्गणी, शासकीय ग्रंथालयात मुख्य खर्च अनामतीचा. मात्र ती मूळ पावती जपा. माझी घर बदलताना हरवली, आणि परत मिळणाऱ्या रकमेपेक्षा प्रतिज्ञापत्राचा खर्च जास्त होता, म्हणून नाद सोडला. वेळाही पाहा: एकीकडे सरकारी सुट्ट्यांची यादी, दुसरीकडे दुपारची मोठी सुट्टी आणि संध्याकाळची गर्दी. मराठी विश्वकोश किंवा साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं यांसाठी कुठेच अनामत अडकवू नका, ती संकेतस्थळांवर मोफत आहेत. 1880 च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरसारखे जुने इंग्रजी खंडही स्कॅन झालेत.

अजूनही ठरत नसेल तर फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडे एक फेरी मारा. दोन्ही ठिकाणी दोनच गोष्टी मागा: गेल्या वर्षीचा एखादा दिवाळी अंक आणि 1981 च्या जनगणनेची तुमच्या जिल्ह्याची पुस्तिका. घड्याळ लावा. यातलं काय मागताना तुम्हाला खरी उत्सुकता होती, तेही तेव्हाच लक्षात येईल.