लिब्रेऑफिस टाकण्याचं पत्रक: सगळ्यांसाठी एकच की प्रत्येक सिस्टिमचं वेगळं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पट्ट्या कॉम्प्युटरवर करणारे दिवाणजी असोत की तासगावच्या शाळेतले गुरुजी, लिब्रेऑफिस हे पत्रं नि हिशेबाचे तक्ते करायचं फुकट सॉफ्टवेअर त्यांचं त्यांना टाकता यावं असं वाटत असेल, तर हातात कागद कसा द्यायचा हे आधी ठरवा.

एकच पत्रक स्वस्त पडतं. झेरॉक्स एकदाच, दुरुस्तीही एकाच जागी. पण 'विंडोज असेल तर हे, मॅक असेल तर ते' आलं की वाचणारा तिथंच अडतो. तुमची सिस्टिम कोणती, असं विचारलं तर 'डेल' असं उत्तर येतं. त्यात त्याची चूक नाही. झाकणावर तेच लिहिलेलं असतं.

वेगळ्या पत्रकांचा खरा फायदा म्हणजे अडण्याची जागा नेमकी दाखवता येते. ती प्रत्येक सिस्टिमवर निराळी. विंडोजवर मध्येच पडदा काळवंडतो आणि परवानगी मागणारी खिडकी येते. व्हायरस समजून माणूस 'नो' दाबतो. तिथं चित्र हवंच, आणि शेजारी लिहावं: प्रकाशक म्हणून 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' दिसलं तरच 'येस' दाबा. मॅकवर चिप इंटेलची की ॲपलची, त्यानुसार फाइल वेगळी. शिवाय चिन्ह ओढून ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये टाकायचं राहून गेलं, तर प्रोग्रॅम त्या दिवशी चालतो आणि मशीन बंद करून चालू केलं की सापडत नाही. उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, एका ओळीच्या कमांडनं काम होतं. पण बऱ्याच आवृत्त्यांत पासवर्ड टाइप करताना एक ठिपकाही उमटत नाही, आणि लोकांना कीबोर्डच बिघडला असं वाटतं. 'दिसत नसलं तरी टाइप करा, एंटर दाबा' एवढं वाक्य तिथं ठळक छापावं.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर झटकन पोचतो, पण एका हातात फोन, दुसऱ्यात माउस आणि सारखं मागे-पुढे करणं, यात माणूस दमतो. मॅकवरचं ते ओढणं दाखवायला मात्र व्हिडिओच बरा.

सगळीकडे विंडोजच असेल तर प्रश्नच नाही. मिश्र मशीनं असतील तर मी वेगळी पत्रकंच घेईन. वर एक ओळखपान जोडेन: चार चौकटींचं चिन्ह दिसलं तर हे, कोपऱ्यात सफरचंद दिसलं तर ते. बटणांची नावं पडद्यावर दिसतात तशीच, इंग्रजी अक्षरांत छापा. 'नेक्स्ट'चं 'पुढे' केलंत तर दिवाणजी पडद्यावर 'पुढे' शोधत बसतील.