आधी फिग्मात रंगवायचं की थेट ब्राउझरात बसायचं? इंदूरच्या क्लायंटांपुरता माझा हिशोब

दोन्ही करून झालंय माझं. आधी बरीच वर्षं वेबसाइटचं सगळं फिग्मात, म्हणजे डिझाइनची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. होमपेज, आतली पानं, मोबाइलच्या वेगळ्या फ्रेम (एकेका स्क्रीनचं चित्र), हे सगळं काढायचं, क्लायंटकडून पास करून घ्यायचं आणि मग कोडला हात लावायचा. गेली तीनेक वर्षं मात्र उलटं चाललंय. कागदावर पेन्सिलीने चार चौकोन काढतो, मग सरळ एचटीएमएल-सीएसएस, म्हणजे साइटचा कोडच, लिहायला बसतो आणि दोन-तीन दिवसांत क्लायंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक. कंपोनंट म्हणजे काय, ग्रिड म्हणजे काय हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येत असेल म्हणूनच हा प्रश्न पडलाय. प्रश्न एकट्याने काम करणाऱ्या माणसाचा आहे, ज्याच्याकडे सकाळी कपडा मार्केटचा ठोक व्यापारी येतो, दुपारी भंवरकुआंचा कोचिंगवाला आणि संध्याकाळी रामबागेतलं गणेशोत्सव मंडळ.

आधी फिग्माचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. अर्ध्या तासात तीन रंगांत तीन होमपेजं दाखवता येतात, आणि आपल्याकडे क्लायंट काहीतरी तयार दिसल्याशिवाय अ‍ॅडव्हान्सचा विषय काढत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. २०१६ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे, ब्राउझरात चालतं, म्हणून माझ्यासारख्या जुन्या विंडोज लॅपटॉपवाल्याची सोय झाली, नाहीतर स्केच हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर मॅकशिवाय चालत नाही, म्हणजे आधी लाखभर रुपये काढा. टीम असेल, कोड लिहिणारा दुसरा कोणी पुण्यात बसलेला असेल, चाळीस-पन्नास स्क्रीनचं अ‍ॅप असेल, तर वाद नकोच, फिग्माच. तसली कामं मी आजही त्यातच करतो. जाता जाता, अडोबी २० अब्ज डॉलरला फिग्मा घेणार अशी बातमी सप्टेंबर २०२२ मध्ये आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला, त्या सव्वा वर्षात आपल्या फायली नेमक्या कोणाच्या भरवशावर आहेत हा विचार मी पहिल्यांदा केला. एचटीएमएलची फाइल कुठेही उघडते, पण त्यावरून मी पद्धत बदलली असं म्हटलं तर ते खोटं होईल.

बदलली ती एका कागदामुळे.

झालं असं की एका साड्यांच्या ठोक व्यापाऱ्याचं काम होतं. मजकूर नंतर देतो म्हणाले (सगळेच म्हणतात), म्हणून मी फिग्मात इंग्रजी टाकून मोकळा झालो. मोठ्या अक्षरातलं तीन शब्दांचं हेडिंग, वर कॅपिटलमध्ये बारीक लेबल, अक्षरांमध्ये छान मोकळी जागा सोडलेली, बटणावर दोन शब्द. दिसत होतं एकदम झकास, मलाच आवडलं होतं. सेठजींनी त्याचा रंगीत प्रिंट काढला, ए-फोर कागदावर, खाली सही केली आणि वर दुकानाचा शिक्का मारला. पास.

मग दीड महिन्याने मजकूर आला. हिंदीत, वर्डच्या फायलीत, कृतिदेव या जुन्या फाँटात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे वेबवर चालणाऱ्या अक्षरांत, आणण्यात एक संध्याकाळ गेली, ती मी धरतच नाही. पण साइटवर टाकल्यावर तीन शब्दांच्या हेडिंगच्या जागी दहा शब्दांचं वाक्य आलं, फोनवर त्याच्या चार ओळी झाल्या. इंग्रजीसाठी ओळींची उंची अक्षराच्या १.१ पट ठेवलेली, तिथे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांटीत घुसला, आणि जिथे डब्याला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते लपव) होतं तिथे मात्राच कापल्या गेल्या. लेबलची तर गंमतच, देवनागरीत कॅपिटल नसतात त्यामुळे तो रुबाब आपोआप गेला, आणि अक्षरांमधली ती छान मोकळी जागा आली शिरोरेषेवर, रेघ तुटून तुटून कपड्याला कच्चा टाका घातल्यासारखी दिसायला लागली. बटणावर ‘अधिक जानकारी के लिए संपर्क करें’. आता बोला.

सगळं दुरुस्त केलं मी, ओळींची उंची १.५ वर नेली, अक्षरांमधली जागा शून्य केली, बटण रुंद केलं, आणि साइट वाचायला पहिल्यापेक्षा चांगलीच झाली. पण सेठजी दुकानात बसून एका हातात तो शिक्क्याचा कागद आणि दुसऱ्या हातात फोन धरून म्हणाले, ‘भिया, पास तो ये किया था, ये दूसरा दिख रिया हे.’ त्यांचं चूक होतं का? नाही हो. त्यांनी जे पास केलं ते चित्र होतं आणि मी जे दिलं ती साइट होती, आणि या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. त्यात त्यांच्या फोनमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली, वयामुळे, म्हणजे माझ्या ३९० पिक्सेलच्या फ्रेममधलं काहीही तिथे तसं दिसणं शक्यच नव्हतं. पुढचे तीन आठवडे कागद आणि फोन जुळवण्यात गेले आणि शेवटचा हप्ता दिवाळीनंतर मिळाला.

तुम्ही म्हणाल यात फिग्माचा काय दोष, आधीपासून खरा मजकूर टाकायचा होतास. मान्य, दोष माझाच आणि त्या पद्धतीने काम करण्याचा. त्यानंतर दोन कामांत खरा मजकूर आधी मागून पाहिला. एकाने दिला. दुसऱ्याचा येईपर्यंत थांबलो असतो तर अजून थांबलेलाच असतो. आणि ज्याने दिला त्याने नंतर बदलला, मग बदल फ्रेममध्येही करा आणि कोडमध्येही करा, दोन ठिकाणचा हिशोब ठेवता ठेवता एक दिवस फ्रेममध्ये जुना भाव आणि साइटवर नवा. एकट्या माणसाला हे झेपत नाही असं माझं मत, तुम्ही माझ्यापेक्षा शिस्तीचे असाल तर झेपेलही.

ब्राउझरात हा घोळ मुळातच होत नाही, कारण पास करायला वेगळं चित्रच नसतं. क्लायंट लिंक त्याच्याच फोनवर, त्याच्याच मोठ्या अक्षरांत, त्याच्याच फुटक्या स्क्रीनगार्डवर बघतो. हेडिंग चार ओळींत गेलं तर ते पहिल्याच आठवड्यात दिसतं आणि मग तो स्वतःच म्हणतो थोडं छोटं लिहितो. हे वाक्य फिग्माच्या काळात एकाही क्लायंटच्या तोंडून ऐकलं नव्हतं मी.

दुसरं एक, जे कदाचित इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मराठी लोकांनाच जास्त लागेल. गणेशोत्सव मंडळाची साइट दाखवली तेव्हा एका आजींनी चष्मा वर करून विचारलं, ‘हा ल हिंदीतला का रे घातलास?’ पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून बोलण्यात निम्मी हिंदी आली असेल, पण पाकळीच्या ल च्या जागी दांडीचा ल लगेच खुपतो बरं. कोडमध्ये त्या पानाची भाषा मराठी आहे एवढं एका ओळीत सांगितलं की ज्या फाँटात सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. नाहीतर तिरो देवनागरीसारखा फाँट घ्यायचा, त्याचे मराठी आणि हिंदी असे वेगवेगळेच संच गूगल फाँट्सवर आहेत. आजींच्या समोर बसून लॅपटॉपवर एक शब्द बदलला, फोनवर पान रिफ्रेश केलं, ‘हां, आता आपलं’ म्हणाल्या. प्रत्येक पानाच्या फ्रेम पुन्हा एक्सपोर्ट करून हेच दाखवायचं असतं तर त्या तोवर आरतीला निघून गेल्या असत्या.

आता ब्राउझरचं वाईट. पहिल्या दिवशी साइट अगदी गरीब दिसते, राखाडी डबे आणि निळ्या लिंका, आणि क्लायंटच्या चेहऱ्यावर ‘याला पैसे दिले मी?’ असं स्पष्ट दिसतं. तेवढा वेळ पोहे-जिलबीवर निभवावा लागतो. शिवाय कोड लिहीत डिझाइन केलं की हात आपोआप सोप्या वाटेने जातो, डब्याखाली डबा, डब्याखाली डबा, आणि धाडसाचं काही सुचतच नाही. माझ्या मागच्या चार साइटी शेजारी शेजारी ठेवल्या तर चुलत भावंडं वाटतील, हे मला डाचतं. आणि सीएसएसवर हात बसलेला नसेल तर या वाटेला अजून वर्षभर जाऊ नका, हे मनापासून सांगतो.

म्हणून सध्या मी फिग्मात एकच पान करतो. रंग, दोन फाँट, एक बटण, एका फोटोची ट्रीटमेंट आणि क्लायंटच्या दुकानाचं खरं नाव देवनागरीत, मोठ्या अक्षरात. पानाचा ढाचा त्यात अजिबात नाही, म्हणजे शिक्का मारायला काही उरतच नाही. तिथून पुढे सगळं ब्राउझरात. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण पूर्वी डिझाइन पास झाल्यापासून साइट चालू होईपर्यंत महिना-सव्वा महिना जायचा, आता एकूणच तीन आठवड्यांत उरकतं, आणि भांडण तर जवळजवळ नाहीच. तुमचे क्लायंट इंग्रजीतले असतील, मजकूर वेळेवर देणारे असतील, तर कदाचित तुमचा हिशोब वेगळा निघेल.

पुढच्या आठवड्यात एका दातांच्या डॉक्टरांचं काम सुरू होतंय. कालच त्यांचा मेसेज आला, डिझाइन कधी पाठवताय. मी लिहिलं, लिंक पाठवतो, आधी मजकूर द्या. दोन निळ्या टिका दिसतायत, मजकूर अजून नाही.