पेगी गुगेनहाइम यांच्या घरी, आमंत्रणावाचून

व्हेनिसच्या मोठ्या कालव्यावरून बोटीने जाताना दोन्ही काठांवर उंच प्रासादांच्या रांगा दिसतात आणि त्या रांगेत एके ठिकाणी दात पडल्यासारखी एक ठेंगणी, पांढऱ्या दगडाची इमारत येते. व्हेनिएर घराण्याने अठराव्या शतकाच्या मध्यास बांधायला घेतलेला हा प्रासाद तळमजल्याच्या वर कधी गेलाच नाही. अमेरिकी कलासंग्राहक पेगी गुगेनहाइम यांनी तो १९४९ मध्ये विकत घेतला आणि १९७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच घरात वास्तव्य केले. आज तेथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. पिकासो, ब्राक, मॅग्रिट यांची चित्रे पाहायला बहुतेक लोक येथे येतात. मी मात्र एका यजमानिणीचे घर पाहायला गेलो होतो आणि हे परीक्षणही त्याच दृष्टीने लिहीत आहे.

या वास्तूला अशा स्त्रियांची सवय पूर्वीपासूनच होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे राहणाऱ्या इटालियन उमराव स्त्री मार्केझा लुइझा कासाती पाळीव चित्ते बाळगत आणि त्यांच्या मेजवान्यांची चर्चा शहरभर होई. पेगीबाईंचा थाट निराळा होता. फुलपाखराच्या आकाराचा चष्मा, स्वतःच्या मालकीची गोंडोला आणि मांडीवर ल्हासा जातीची कुत्री, असा सरंजाम असला तरी जेवणखाणाच्या बाबतीत त्या हात आखडता घेणाऱ्या म्हणून प्रसिद्ध होत्या. तरीही फ्रेंच कवी-चित्रपटकार कोक्तो आणि अमेरिकी लेखक कपोटी यांच्यासारखी माणसे त्यांच्याकडे येत, यावरून त्या घरी ताटातल्या पदार्थांपेक्षा शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे याला अधिक मोल असावे, असे मला वाटते.

जेवणाच्या दालनात त्यांचे जुने व्हेनेशियन टेबल अजून आहे. मी सर्वांत जास्त वेळ तेथेच रेंगाळलो. भोवतीच्या भिंतींवर घनवादी, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून मांडणारी, चित्रे आहेत आणि लोक साहजिकच टेबलाकडे पाठ करून त्यांच्याकडे पाहत राहतात. पूर्वीच्या शयनगृहात अमूर्त शिल्पांसाठी ओळखले जाणारे अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर यांनी १९४५-४६ च्या सुमारास घडवलेला पलंगाचा चांदीचा उशाकडचा भाग आहे. युद्धामुळे इतर धातू दुर्मीळ झाल्याने चांदी वापरावी लागली, असे सांगतात. त्यातले मासे, कीटक आणि वेली जवळून पाहाव्यात. याच बाईंनी १९४२ मध्ये न्यूयॉर्कमधील आपल्या 'आर्ट ऑफ धिस सेंच्युरी' या दालनाच्या उद्घाटनाला एका कानात कॉल्डर यांचे आणि दुसऱ्या कानात अतिवास्तववादी चित्रकार इव्ह तांगी यांचे कर्णभूषण घातले होते, कारण अमूर्त कला आणि स्वप्नासारखी अद्भुत दृश्ये रंगवणारा अतिवास्तववाद या दोन्ही पंथांशी आपण सारख्याच अंतरावर आहोत हे त्यांना दाखवायचे होते. पाहुण्यांमधले मतभेद असे अंगावर मिरवून मिटवणारी यजमानीण विरळाच.

या आदरातिथ्याला व्यवहाराची बाजू होती, हेही येथे स्पष्ट कळते. जॅक्सन पोलॉक यांना त्यांनी १९४३ मध्ये दरमहा १५० डॉलरचा करार दिला, त्यामुळे त्या चित्रकाराला पूर्णवेळ रंगवता आले; १९४२ चे 'मून वुमन' आणि १९४७ चे 'अल्केमी' ही त्यांची चित्रे याच संग्रहात आहेत. त्याआधी पॅरिसमध्ये जर्मन सैन्य जवळ येत असताना रोज एक चित्र घ्यायचे असा बेत त्यांनी केला होता. लूव्र संग्रहालयाने हा संग्रह सुरक्षित ठेवण्याजोगा मानला नाही, म्हणून अखेर तो घरगुती सामान म्हणून अमेरिकेला रवाना झाला.

दालने नीटस आहेत आणि चित्रांना मोकळी जागा मिळाली आहे. मात्र या मोकळेपणात घराचा पसारा, रात्रीची वर्दळ आणि पाहुण्यांचा गलबला यांचा मागमूस राहिलेला नाही. अर्थात माणसे जमवण्याची कला भिंतीवर टांगता येत नाही. १९५१ पासून उन्हाळ्यात त्या राहते घरच ठरावीक दिवशी लोकांसाठी उघडत असत, तेव्हा अनोळखी माणसे त्यांच्या खोल्यांतून फिरत. तो अनुभव आता कल्पनेनेच भरून काढावा लागतो.

कालव्याकडच्या गच्चीवर इटालियन शिल्पकार मारीनो मारीनी यांनी घडवलेला घोडेस्वार हात पसरून बसला आहे. त्याचा एक अवयव काढता-घालता येण्याजोगा होता आणि सणावारी ख्रिस्ती जोगिणी (नन) बोटीतून जाणार असल्या की पेगीबाई तो काढून ठेवत, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ही गच्ची शेवटी पाहावी आणि बागेच्या फाटकाची, काचेचे गोळे गुंफलेली लोखंडी जाळी मात्र आत शिरतानाच पाहावी. मंगळवारी संग्रहालय बंद असते, आणि सकाळी लवकर गेल्यास लहान खोल्यांत दाटी जाणवत नाही. आकादेमिया थांब्यावरून पायी जाणे सोयीचे पडते.

बागेच्या कोपऱ्यात पेगीबाईंच्या अस्थी आहेत आणि शेजारच्या शिळेवर त्यांच्या चौदा कुत्र्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतले एक नाव 'सर हर्बर्ट' असे आहे. लंडनमध्ये संग्रहालय काढण्याच्या त्यांच्या पहिल्या बेतासाठी कलाकृतींची यादी करून देणारे समीक्षक हर्बर्ट रीड यांच्यावरून ते ठेवले होते. 'पेगीन' हे त्यांच्या चित्रकार मुलीचे नावही एका कुत्र्याचे नाव म्हणून त्याच शिळेवर आहे.