पोलर एच १० छातीचा पट्टा: एकोणीस वर्षांच्या धावपटूचे ठोके मोजताना

जानेवारीतल्या एका सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेतून धावून घरी आलेल्या माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने हातातले घड्याळ माझ्यापुढे धरले. त्यावर हृदयाच्या ठोक्यांचा त्या दिवसाचा सर्वोच्च आकडा २११ होता. ती शाळेपासून नियमित धावते, विश्रांतीच्या वेळची तिची नाडी ५४ आहे आणि त्या सकाळीही तिला धाप, चक्कर किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही जाणवले नव्हते. तरीही वडील म्हणून तो आकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला. आकडा खरा आहे की यंत्राची चूक आहे, हे आधी कळल्याशिवाय पुढचा कोणताच निर्णय नीट घेता येणार नाही, या विचाराने आम्ही पोलर एच १० हा छातीला बांधायचा पट्टा घेतला. चार महिने वापरल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण त्या वेळी मला असे काही मराठीत वाचायला मिळाले असते तर माझ्या काही रात्री बऱ्या गेल्या असत्या.

मनगटावरचे घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परतणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो, त्यावरून ठोके ठरवते. धावताना हात सतत हलतो, घड्याळ थोडे सैल असते, थंडीत त्वचेतले रक्त कमी होते, आणि मग ते यंत्र ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडते. धावणारा माणूस मिनिटाला साधारण १६० ते १८० पावले टाकत असल्यामुळे हा चुकीचा आकडा ठोक्यांचाच असावा असा वाटतो आणि शंकाही येत नाही. छातीचा पट्टा मात्र ईसीजीप्रमाणे हृदयाचा विद्युत संकेतच टिपतो आणि दोन ठोक्यांमधले अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो.

पहिल्याच आठवड्यात याचा प्रत्यय आला. आरामाच्या गतीने धावताना घड्याळ पहिल्या मिनिटापासून १७६ दाखवत होते आणि त्याच वेळी पट्टा १४८ सांगत होता. मी तिची पावले मोजली, ती जवळजवळ १७६ भरली. म्हणजे इतके दिवस ‘सोप्या धावेलाही ठोके फार वर जातात’ ही जी तिची तक्रार होती, तिचा मोठा भाग घड्याळाच्या चुकीतून आलेला होता.

परंतु सगळेच इतक्यावर मिटले नाही. जोरात धावण्याच्या पाचव्या फेरीच्या शेवटी पट्ट्यानेही २०६ दाखवले. ती थांबताच मी तिच्या मानेवरची नाडी दहा सेकंद मोजली. ती ३४ भरली, म्हणजे मिनिटाला २०४. हा आकडा खरा होता. आमच्या घरात आजोबांची पिढी दांडियाबाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात घडली आणि दम किती लागला हेच त्यांचे माप होते. पण अशा वेळी बोटांनी नाडी पाहणे अजूनही तितकेच उपयोगाचे आहे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

आता २०६ म्हणजे धोका का? ‘२२० वजा वय’ या सूत्राने तिची मर्यादा २०१ येते. हे सूत्र १९७१ साली फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र पाहून मांडले. एका माणसाची मर्यादा ठरवण्यासाठी ते काटेकोर नाही. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेल्या ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ या सूत्राने तर तिचा आकडा जेमतेम १९५ येतो. अशा सूत्रांपासून माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक नेहमीचाच असतो आणि काही निरोगी तरुणांत तो वीसच्या घरातही जातो. सर्वोच्च ठोके किती असावेत हे बहुतांशी जन्मजात असते; सरावाने ते वाढत नाहीत. सराव करतो ते काम निराळे आहे: प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त वाढते आणि म्हणून विश्रांतीची व सोप्या गतीची नाडी खाली येते.

सर्वोच्च आकड्याहून मोलाची आहे ती ठोक्यांच्या चढउताराची रेषा, आणि पट्ट्याचे खरे काम मला तेथे दिसले. मुलीची रेषा प्रत्येक फेरीत हळूहळू चढत होती आणि थांबल्यावर पहिल्याच मिनिटात ३८ ठोक्यांनी उतरत होती. ठोके एका क्षणात १५० वरून २१० वर उडी मारत असतील आणि तसेच अचानक खाली कोसळत असतील, तर ती हृदयाच्या विद्युतमार्गातल्या दोषाची खूण असू शकते. व्यायाम करताना शुद्ध हरपली, छातीत दुखले, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर पट्टा विकत घेण्यात वेळ घालवू नये, सरळ हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे.

लक्षणे नसतानाही आम्ही गेलोच. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) व्यवस्थित आले. टीएमटीमध्ये, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून-धाववून ईसीजी घेण्याच्या चाचणीत, ट्रेडमिल ताशी २.७ किलोमीटर वेग आणि दहा टक्के चढ येथून सुरू होते आणि दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. तिचे ठोके २०४ पर्यंत गेले, ताल शेवटपर्यंत नियमित राहिला. डॉक्टरांनी आमच्या फोनवरच्या नोंदी शांतपणे पाहिल्या आणि म्हणाले, “सर्वोच्च आकडा सोडा, सोप्या धावेचे १४८ मला जास्त वाटतात, रक्त तपासून घ्या.” हिमोग्लोबिन कमी, ११.१, निघाले आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही कमी. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटली की तेवढ्याच कामासाठी हृदयाला अधिक वेळा धडकावे लागते. नियमित धावणाऱ्या मुलींत लोहाची कमतरता पुष्कळ आढळते आणि आईवडील ती परीक्षेच्या थकव्यावर ढकलतात. मीही ढकलली होती, याचे मला वाईट वाटते.

पट्ट्याच्या वापराविषयी थोडे. तो दोन मापांत मिळतो आणि बारीक मुलींनी लहान मापच घ्यावे. आतला कापडी भाग पाण्याने ओला केल्याशिवाय अशा कोणत्याही पट्ट्यावर विश्वास ठेवू नये. हिवाळ्याच्या कोरड्या सकाळी, सिंथेटिक टी-शर्ट घालून आणि घाम येण्यापूर्वी, कोरडा पट्टा २२० च्या पुढचे आकडे दाखवू शकतो. ते कापडाच्या घर्षणातून येणाऱ्या स्थिर विजेचे असतात. धाव संपल्यावर पट्ट्याच्या पुढची, ठोके मोजणारी डबी काढून ठेवावी आणि पट्टा धुवावा, नाहीतर ओलाव्याने यंत्र चालूच राहते. सीआर २०२५ ही नाण्यासारखी बॅटरी घरीच बदलता येते आणि कंपनी तिचे आयुष्य ४०० तास सांगते. फोन घरी ठेवला तरी एका धावेची नोंद डबीतच राहते, हे मला फार सोयीचे वाटले. पट्टा स्वस्त नाही आणि केवळ फिरायला जाणाऱ्याला त्याची गरजही नाही. शिवाय त्याच्या नोंदीवरून घरीच निदान करू नये. ती डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी आहे.

लोहाच्या गोळ्या सुरू होऊन आता तीन महिने झाले. एप्रिलअखेर बडोद्याची सकाळही तापलेली असते आणि चाळीस मिनिटांनंतर गती तीच ठेवली तरी ठोके चढतात, कारण घामाने रक्तातले पाणी कमी होते आणि त्वचा थंड ठेवण्यासाठीही रक्त वळवावे लागते. असे असूनही कमाटीबागेच्या त्याच वाटेवर, त्याच गतीला, पहिल्या वीस मिनिटांची सरासरी १४८ वरून १३९ वर आली आहे. जोराच्या शेवटच्या फेरीला पट्टा अजूनही २०५ दाखवतो. तो आकडा आता आम्ही तिच्या उंचीच्या आकड्यासारखाच वहीत लिहून ठेवतो.