चर्चच्या पुरुष मंडळाच्या न्याहारीनंतर अभिप्राय: कागदी चिठ्ठी की व्हॉट्सअ‍ॅप पोल?

चाळीस जण येत असतील तर ए-फोरचे दहा कागद चौघडी कापले की काम भागतं. पेनं मात्र किमान पंधरा ठेवा, नाहीतर चिठ्ठ्या कोऱ्याच परत येतात. दुसरा चहा फिरतो तेव्हा त्या वाटायच्या. शेवटच्या प्रार्थनेनंतर वाटल्या तर निम्मे लोक गाडीला किक मारून गेलेले असतात. ‘कार्यक्रम कसा वाटला?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘छान’. त्यापेक्षा ‘पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलावी?’ असं विचारा. मग कळतं, की सुशीला (मुरमुऱ्यांचा नाश्ता) गार होता आणि संदेश, म्हणजे प्रवचन, लांबला. नाव लिहायला लावू नका. चिठ्ठ्या टाकायचा डबा पाळकसाहेबांच्या टेबलावर नको, दाराशी ठेवा. चष्मा विसरलेल्या काकांची चिठ्ठी लिहून द्यायला एक तरुण लागतोच.

पोलचं काम झटपट. मोजणी आपोआप होते, खर्च शून्य. पण कोणी काय निवडलं हे साधारणपणे गटात दिसतं, म्हणून वडीलधाऱ्यांच्या मताविरुद्ध कोणी बोट लावत नाही. शिवाय साधा फोनवाले सुटतात.

त्यामुळे वेळ सातची की आठची, पोहे की उपमा, एवढ्यापुरता पोल. उन्हाळ्यात मराठवाड्यात सातच बरे, हे विचारायचीही गरज नाही! तक्रार हवी असेल तर चिठ्ठीच. आणि पुढच्या न्याहारीला, खाण्याआधी, कोणत्या सूचनेवरून काय बदललं ते दोन वाक्यांत सांगा. नाहीतर तिसऱ्या वेळी डबा रिकामा मिळतो.