सांगलीच्या विश्रामबागमधलं मेडिकल : एडीएचडीची गोळी घेणाऱ्यांनी इथं जावं

माझ्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे आणि लहानपणी त्याचं हृदयाच्या छिद्राचं ऑपरेशन झालंय, त्यामुळं त्यावरची मिथाइलफेनिडेट ही गोळी सुरू करायची म्हटल्यावर घरात सगळेच घाबरले होते. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी आधी मिरजेला कार्डिओलॉजिस्टकडं पाठवलं, तिथं ईसीजी झाला, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, पळताना याला चक्कर येते का, छातीत धडधडतं का, सगळं खोदून खोदून विचारलं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच अगदी कमी डोसनं सुरुवात झाली.

आता गोळी मिळायचा प्रश्न. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं, त्याचं वेगळं लायसन्स लागतं, म्हणून बरेच मेडिकलवाले ठेवतच नाहीत, आणि एका ठिकाणी तर माझ्याकडं असं बघितलं की मी नशेचं काहीतरी मागायला आलीय. विश्रामबागच्या या दुकानात तसं काहीच नाही. कुलपातल्या कपाटातून गोळी काढतात, चिठ्ठीच्या दोन प्रती घेतात त्यातली एक स्वतःकडं ठेवतात (2 वर्षं जपून ठेवायचा नियमच आहे), रजिस्टरला नोंद करतात, आणि मग काउंटरवरचे दादा विचारतात, "ताई, नाडी किती येतीय, बीपी मोजलं का?" या गोळीनं सरासरी नाडी मिनिटाला 3 ते 6 ठोक्यांनी आणि बीपी 2 ते 4 नं वाढतं, पण काहींचं त्याहून जास्त वाढतं, म्हणून वहीत लिहून ठेवायला सांगितलंय आणि मी पोरगं शांत बसलेलं असताना मोजून लिहिते.

मला सगळ्यात आवडलं ते हे की मध्ये त्याला सर्दी झाली, मी सहज नेहमीची सर्दीची गोळी मागितली तर दादांनी हातातली पट्टी परत ठेवली. म्हणाले यात फिनाइलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) आहे, तेही बीपी वाढवतं, याच्या गोळीबरोबर आणि याच्या हृदयाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही. सलाइनचे नाकात घालायचे थेंब दिले, पाच-पन्नास रुपयांचा धंदा सोडला पण चुकीचं काही दिलं नाही. असा माणूस काउंटरला असला की आईला किती आधार वाटतो हे शब्दात नाही सांगता येत.

अजून एक, ॲटोमोक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध स्टिम्युलंट (उत्तेजक) नाही म्हणून ते हृदयाला बिनधोक असं आमच्या नात्यात एकजण छातीठोक सांगत होते, तेव्हा दादांनीच सांगितलं की त्यानं पण नाडी आणि बीपी वाढू शकतं, मनानं बदलू नका, डॉक्टरांशी बोला.

गाडी लावायला जागा नाही, संध्याकाळी गर्दी फार. व्हॉट्सॲपवरचा चिठ्ठीचा फोटो चालत नाही, ओरिजिनलच आणा. कधीकधी स्टॉक संपलेला असतो तेव्हा गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फोन करून सांगून ठेवा, ते मागवून ठेवतात.